फेट्यावरचे दोन ठिपके

आमच्या शेजारच्या चौगले सरांनी फेटा बांधला, की त्यावर दोन ठिपके असणारच. एक लाल, एक निळा. बॉलपेनचे, धुऊन न जाणारे. राजारामपुरीतल्या कितीतरी वरबापांच्या फेट्यांवर ते आहेत आणि आमच्या ह्यांचा फेटा तर गोवर उठल्यासारखा दिसतो.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लग्नांत फेटे फुकट बांधायला लागले. फुकट म्हणजे काय, तर बदल्यात व्याख्यान ऐकायचं. कापड आधी अंगणभर पसरायचं, दोन लांबच्या जागी ठिपके द्यायचे आणि विचारायचं, "पावणं, ह्ये दोघं कधी भेटतील?" पाहुणा म्हणणार, एवढ्या लांबून कसले भेटतात! मग सर झपाझप फेटा बांधतात आणि दोन्ही ठिपके बरोबर कानावर, शेजारी शेजारी. "लांबी नगं, घडी बघा."

आपल्या पेशीत म्हणे असाच एक धागा असतो. सरळ केला तर माणसाहून लांब, पण घड्या घालून डोळ्याला न दिसणाऱ्या डबीत बसवलेला. त्यावर एखादा दिवा एकीकडे आणि त्याचं बटण पार दुसरीकडे. घडी नीट बसली तर बटण आपल्या दिव्याशेजारी येतं. चुकली, तर भलत्याच्या शेजारी जाऊन बसतं आणि तिथूनच काही आजार सुरू होतात. हे पटवायला एकदा सरांनी नवरदेवाचा बांधलेला फेटा परत सोडला. घोडा दारात, बँडवाला तेच गाणं पुन्हा वाजवतोय आणि नवरदेव बोडक्या डोक्यानं पेशीविज्ञान ऐकतोय.

मला वाटायचं, चळ लागलाय म्हाताऱ्याला.

सरांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणतो. आक्का पेरू खात नाहीत. आमच्या झाडाची फांदी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाकलीय, तरी नाही. लेक नंदा पोटात असताना त्यांना डोहाळा अनावर झाला आणि ऐन ग्रहणात त्यांनी विळीवर पेरू चिरला. नंदा जन्मली ती उजव्या हाताची दोन बोटं जोडलेली घेऊन. सासूनं निदान केलं, गल्लीनं शिक्का मारला.

त्या ग्रहणात मी काय करत होते, विचारा. कॉलेजात अंधश्रद्धेवर निबंध लिहून पहिलं बक्षीस घेतलेली मी! पोटात थोरला. पलंगावर पाय लांब करून ओंडक्यासारखी पडले होते. नाक खाजलं तरी खाजवलं नाही, न जाणो, बाळाचं नाकच जायचं. बक्षिसाचा कप समोर फडताळात चमकत होता.

नंदा त्याच बोटांनी क्लासमध्ये फळाभर गणितं लिहिते. मला म्हणायची, "माझ्या बोटांचं मला काय न्हाई, काकू. आईच्या डोक्यातला पेरू तेवढा कुणीतरी काढा."

म्हणून सरांनी तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली. धाग्यावर आपली घडण ज्या अक्षरांत लिहिलेली असते, ती अक्षरं वाचणारी. अक्षरं सगळी ठीक निघाली आणि आक्का आणखीच खचल्या. "बघा, रगतात काय न्हाई. म्हंजी पेरूच."

तेव्हापासून सर घडीच्या मागे लागले. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात प्रयोगशाळेत धाग्याच्या घडीचे नकाशे काढते. अजून संशोधन चाललंय सर, काही सापडेलच असं नाही, असं तिनं बजावलं. सरांनी तरी नंदाचं रक्त पाठवलं आणि वाट बघत गावाला फेटे बांधत राहिले.

परवा मी विरजण मागायला गेले, तर आक्का स्वयंपाकघरात स्टुलावर आणि सर त्यांच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधताहेत. मी फिस्सकन हसले. सरांनी नजरेनंच गप्प केलं. पुण्याहून फोन आला होता.

त्यांनी आक्कांचं बोट धरून दोन्ही ठिपक्यांवर टेकवलं. नंदाच्या धाग्याचा एक तुकडा उलटा बसला होता. अक्षरं शाबूत, पण घडी बदलली होती आणि बोटं सुटी करणाऱ्या दिव्याशेजारी भलतंच बटण येऊन बसलं होतं.

"कवा झालं ह्ये?" आक्कांनी विचारलं.

"नंदा पोटात रुजली तवाच. गिराण तर लई म्हैन्यांनी लागलं."

"मग पेरू?"

"पेरू निस्ता पेरू व्हता गं."

गावभर बांधलेले सगळे फेटे ही या एका फेट्याची तालीम होती, हे मला रिकामी वाटी हातात धरून तेव्हा कळलं. फेटा न उतरवता आक्कांनी आम्हाला चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून हाक आली. "वैनी, तुमच्या झाडाचा एक घेऊ का?"

मी जाईपर्यंत त्या विळीवर बसल्याही होत्या. पहिली फोड नंदाला, दुसरी मला. तिसरी हातात घेऊन थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या, मग खाल्ली. सर आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभे होते. तिखट-मीठ कालवतोय म्हणाले, डोळ्यात गेलं.

मी वाकून पाहिलं. त्यांच्यापुढची वाटी रिकामी होती आणि तिखटाचा डबा अजून फळीवरच होता.