फटफटी माहेरी निघाली

कल्याणच्या वास्तुशांतीला फटफटीवर जायचं, हे बद्रीनाथनं तोंडात भाकरीचा घास असतानाच ठरवून टाकलं. आधी घास गिळला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

कल्याण म्हणजे त्याच्या बायकोचा, सोनूबाईचा, धाकटा भाऊ. नव्या कारमधून पत्रिका द्यायला आल्ता. गोठ्यातल्या जुन्या फटफटीकडं बघून म्हणला, "दाजी, ते भंगार देऊन टाका की!"

सोनूबाई नवी नवरी असताना बद्रीनाथ तिला याच भंगारावर बसवून माहेराला नेत होता. आता त्याच्याखाली कोंबडी अंडी घालायची.

"भंगार?" बद्रीनाथनं घास गालात सारला. "याच फटफटीवर तुह्या बहिणीला घेऊन येतो. तुह्या कारच्या पुढं उभी करतो. शब्द हे आपला!"

सोनूबाईनं त्याच्या ताटात तूप जास्तीचं वाढलं. (त्या तुपानंच घात केला.)

फटफटी उभी होती खरी, पण निम्मीच. बाकीची घरात कामाला लागल्ती. तिच्या आरशात सोनूबाई कुंकू लावायची. सीटवर बद्रीनाथची आई सगुणाबाई बसायची, आणि रबरी भोंगा वाजवून पापडावरच्या कोंबड्या हाकायची. टाकीत मेथीचं बी. चेन गोठ्याच्या फाटकाला.

बद्रीनाथनं मोबाइलवर बघून बघून एकेक वस्तू जप्त केली. नटबोल्ट धुवायला दुधाचं पातेलं नेलं. मंग चहाला डिझेलचा वास यायला लागला. सगुणाबाई म्हणली, "आता माह्याजवळ कोणी काडी वढू नका रे बाबांनो!"

"अहो, टाकी उन्हात उपडी घाला," सोनूबाई म्हणली. "बी ऱ्हाईलं असंल."

"झटकली ना!"

"आन् फाटकाला काय लावू?"

"सुतळी बांधतो."

"म्हैस सुतळी खाती."

"अशी गाठ मारतो, बिलकुल सुटणार न्हाई." (गाठ सुटायचा सवालच नव्हता. पण गडी ऐकायच्या पलीकडं गेल्ता.)

म्हैस बी कल्याणनंच दिवाळीला बहिणीला दिलेली. अजून रुळली नव्हती. माहेराकडं तोंड करून ओरडायची.

वास्तुशांतीच्या सकाळी बद्रीनाथच्या किका मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, अन् फटफटी एकदम बोलली. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. सोनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागं बसली, पहिल्यासारखाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कपाशीतून वारा यायला लागला. बद्रीनाथला मिशी काळी झाल्यासारखी वाटली.

माहेरचं देऊळ दिसलं, आणि फटफटी खोकली. थांबली. बद्रीनाथनं पेट्रोलची नळी काढून फुंकली. पिवळे दाणे बाहेर पडले.

"काय हे हो?"

"धूळ हे."

"ही धूळ मी वळखते. भाजी चांगली होती तिची."

फुंकावं तितके दाणे येऊन राह्यले. शेवटी त्यानं हँडल धरलं, सोनूबाईनं पदर खोचून मागून ढकललं. वळण घेऊन दोघं कल्याणच्या दारात आले, तर कारच्या बराबर पुढं म्हैस उभी! तोंडात सुतळीचा तुकडा. भोवती सगळे पाहुणे.

"दाजी," कल्याण म्हणला, "म्हैस आडवाटेनं कव्हाची पोचली. तुम्ही कुठं राह्यले?"

मांडव हसला. बद्रीनाथची मान खाली गेली. तशी सोनूबाई पुढं झाली. "दात काय काढून राह्यलास? शब्द दिल्ता, घेऊन आले मला. ती म्हैस सरकव, आमची फटफटी उभी करायची हे."

म्हैस सरकली. फटफटी कारच्या पुढं उभी राहिली. पंगतीत बद्रीनाथनं पुरणपोळ्या अशा खाल्ल्या, की जणू गड जिंकून आलाय.

संध्याकाळी कल्याण म्हणला, "अक्का, कारनं सोडतो."

"न्हाई. फटफटीवर आले, फटफटीवरच जाईन."

बद्रीनाथचे डोळे भरून आले. (फटफटी अजून बंदच हे, हे त्याला जरा उशिरा आठवलं.)

मंग वरात निघाली. वर बसलेल्या सोनूबाईच्या हातात हँडल, फटफटीला बांधलेला दोर म्हशीच्या गळ्यात, आणि म्हशीनं पुन्हा माहेराकडं तोंड फिरवू नये म्हणून तिच्या पुढं हिरव्या चाऱ्याची पेंडी धरून पायी बद्रीनाथ. तो जरा हळू झाला, की मागून सोनूबाई भोंगा दाबायची.

भोंगा मात्र एक नंबर वाजत होता. साऱ्या फटफटीत बद्रीनाथनं तेवढाच खोलून दुरुस्त केला नव्हता.