सोनेरी हत्तीची युक्ती

एका जंगलात, बाळांनो, पाण्याची बोंब होती, पण रेंज फक्कड होती. त्यामुळे सगळे प्राणी सुखानं मोबाइलवर खेळत बसायचे.

तिथं टिपरी नावाची एक खार होती. सगळा हिवाळा खपून तिनं खेळात एक गड बांधला होता. बुरूज, खंदक, तोफा. एकेका शिपायाचं तर तिनं बारसं केलं होतं. या नादात दाणे साठवायचे राहिले ते राहिलेच. पण गडाचा शेवटचा दरवाजा काही केल्या उघडेना.

मग ती ‘युक्तिवड’ या साइटवर गेली. तिथं कुणीही यावं, आपली युक्ती टांगावी आणि चालू पडावं. एका तरसानं लिहिलं होतं, “दरवाजापुढं उभं राहून ‘सगळं पुसा’ दाबा. सोनेरी हत्ती येतो आणि दार फोडतो.”

खाली अंगठेच अंगठे! माकडानं लिहिलं होतं, “शंभर टक्के खरं!” मोरानं लिहिलं होतं, “हत्ती काय देखणा आहे!”

फक्त कासवानं लिहिलं होतं, “करून पाहिलं. हत्ती आला नाही. गड गेला.” त्याला एकच अंगठा होता, तोही त्याचा स्वतःचाच. “काका, या वयात जपमाळ ओढा,” असं कुणीतरी त्याला सुनावलंही होतं.

जंगलात खरंखोटं ठरवायची रीत सोपी होती. ज्याला अंगठे जास्त, ते खरं. तरी टिपरीचा जीव खालीवर होत होता. तिनं शेजारच्या मुंगुसाला विचारलं, “भाऊजी, दाबू का हो?”

“अहो वहिनी, एवढी मंडळी काय खोटं बोलतील? आधी तुम्ही दाबा, मग मी दाबतो.”

टिपरीनं दाबलं.

गड गेला. तोफा गेल्या. बारसं केलेले शिपाई गेले. हत्तीची सोंडसुद्धा दिसली नाही. टिपरी ढसाढसा रडली.

“वहिनी, आला का हत्ती?” बिळातून मुंगुसानं विचारलं.

टिपरीनं डोळे पुसले. आता काय सांगणार? “आला की! केवढा थोरला!”

“बघू!”

“आंघोळ घालतेय त्याला. तुम्ही दाबा तुमचं.”

मग तिनं युक्तिवडावर लिहिलं, “शंभर टक्के खरं!” लिहिताना तिला आठवलं, माकडाचा गडही बरेच दिवस कुणी पाहिला नव्हता. आणि मोराचाही.

थोड्या वेळानं मुंगुसाच्या बिळातून हुंदका ऐकू आला. पाठोपाठ युक्तिवडावर नवा अभिप्राय आला, “वा! माझा हत्ती तर वहिनींच्यापेक्षा मोठा!”

तात्पर्य : खड्ड्यात पडल्यावर बोंबलू नये. “आत फार छान आहे,” असं वरच्यांना सांगावं, म्हणजे सोबत मिळते. आणि खरं बोलायची हौसच असेल, तर आधी कासवाची पाठ मिळवावी.