रेडकरांचं डोकं

ईशान, तन्वी,

दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही टोरांटोहून व्हिडिओ कॉल केला होता. मी तुम्हाला फराळाचं ताट दाखवत होते आणि माझ्या मागून मोरपंखी रंगाच्या केसांचे एक गृहस्थ हातात पाना घेऊन स्वयंपाकघराकडे गेले. तन्वी किंचाळली, "आजी, हू इज दॅट?" मी म्हटलं, "कोणी नाही गं, पडद्याचा रंग पडलाय," आणि फोन बंद केला. छत्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, खोटं बोलणाऱ्या मुलींना बाकावर उभं केलं आणि स्वतःच्या नातवंडांशी मात्र धडधडीत खोटं बोलले. गेल्या मंगळवारी ते गृहस्थ बडोदं सोडून गेले. आता खरं सांगायला हरकत नाही, म्हणून हे पत्र.

ते आमच्या वरच्या मजल्यावरचे विनायक रेडकर. तेव्हा माझा नळ दुरुस्त करायला आले होते. वय एकोणपन्नास, नोकरी रेल्वेत, आणि नागरवाड्यातल्या आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. हे पद त्यांना कोणी दिलं नव्हतं आणि काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती. जिन्यात त्यांच्या सूचना लागायच्या. "चपला भिंतीला समांतर ठेवाव्यात." "कुंडीतले पाणी खालच्या बिऱ्हाडावर सोडू नये. खालीही माणसेच राहतात." शुद्धलेखन मी तपासून द्यायचे. खरं सांगते, मला हा माणूस फार आवडायचा. सगळ्या इमारतीत वेळ पाळणारे आम्ही दोघंच.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "एमां शुं?" म्हणजे, त्यात काय एवढं? आमच्याकडे घरी मराठी आणि दारात गुजराती, त्यामुळे तीन पिढ्या बडोद्यात काढलेले रेडकर धीर द्यायचा झाला की गुजरातीत द्यायचे. पाण्याची टाकी फुटली, "एमां शुं, काकू? दोन वाजून दहा मिनिटांनी पाणी येईल." आणि दोन वाजून दहा मिनिटांनी यायचं.

आणि डोकं म्हणाल तर खोबरेल तेल, डाव्या बाजूला भांग, तोही रुळासारखा सरळ. वीस वर्षांत तो भांग एक सूतही हललेला मी पाहिला नव्हता.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर जिन्यात रेडकर उभे. डोक्यावर खारीच्या पाठीसारखे पट्टे! काळा, पिवळट, काळा, पिवळट. माझ्या हातून पिशवी निसटली.

"विनायकराव, हे काय?"

"एमां शुं, काकू?" असं म्हणून त्यांनी पिशवी उचलून दिली आणि खाली उतरून गेले.

मला वाटलं, काहीतरी चुकून लागलं असेल. पुढच्या सोमवारी पुढचे केस कुरळे आणि मागचे सरळ. त्याच्या पुढच्या सोमवारी तांब्याच्या बंबासारखं डोकं. मग एक बाजू आखूड, एक लांब. गणपतीत तर हद्द झाली. इमारतीच्या गणपतीची आरती दरवर्षी रेडकरच म्हणतात. तबक हातात, सोवळं नेसलेलं, आणि डोकं कांद्याच्या सालीच्या रंगाचं. टाळ वाजवणाऱ्यांचा ताल चुकला. लहान मुलांचं गणपतीकडे लक्षच नव्हतं.

तळमजल्यावरच्या कोकिळाबेन आरती संपताच मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "सुमनबेन, पचास पछी पुरुषोने आवुं थाय." पन्नाशीनंतर पुरुषांचं असंच होतं.

"त्यांना अजून पन्नास झाली नाहीत," मी म्हटलं.

"तो एडवान्समां!" म्हणजे मग आगाऊच.

रेडकरांच्या साहेबांनी त्यांना तिकिटांच्या खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत फायलींपाशी बसवलं. त्यांची मुलगी केतकी दहावीत होती. ती रस्त्यात वडिलांच्या वीस पावलं पुढे चालायची, कोणाला नातं कळू नये म्हणून. आणि बायको अलका? ती कोणी विचारलं तर खाली बघून हसायची, बस्स. ती घरच्या घरी बायकांच्या भुवया कोरून द्यायची. कामात नीटस, बोलण्यात कमी. मला तिची दया यायची. नवरा असा भर चौकात वेड्यासारखा हिंडतोय आणि बिचारी हसतेय!

शेवटी वडीलधारी म्हणून मी रेडकरांना जिन्यात थांबवलं. "विनायकराव, वयाला शोभेल असं वागावं माणसानं. निदान केतकीचा विचार करा."

ते म्हणाले, "केस आहेत काकू. परत येतात." त्या दिवशी ते 'एमां शुं' म्हणाले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी त्यांचा चकलीचा डबा परत द्यायला वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि दारातच खिळून उभी राहिले. खोलीच्या मधोमध खुर्चीवर रेडकर. गळ्याभोवती जुनी चादर, डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पन्नासएक पुड्या बांधलेल्या, एखाद्या मिठाईच्या दुकानासारख्या. हातात इंग्रजी पुस्तक. ते मोठ्यांदा प्रश्न वाचत होते आणि मागे उभी असलेली अलका ब्रशने रंग लावता लावता अडखळत उत्तर देत होती. भिंतीवर एक तक्ता. त्यात रेडकरांच्या डोक्याची चित्रं, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येकाखाली रेल्वेच्या टाइमटेबलासारख्या वेळा. रंग लावला अमुक वाजता, धुतला अमुक वाजता, परिणाम काय. एका चौकटीत लाल शाईने लिहिलं होतं, "अर्धेच केस कुरळे झाले. कारण: मी सवयीने आदल्या रात्री तेल लावले. चूक माझी."

"या काकू, बसा," रेडकर पुड्यांसकट म्हणाले. "आता तुम्ही पाहिलंच आहे."

मी बसले.

गोष्ट अशी होती. अलका वर्षभर स्टेशनजवळच्या एका संस्थेत केशकर्तनाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकत होती. परदेशी चालेल असा. न्यूझीलंडमधल्या एका सलूनने तिला नोकरी देऊ केली होती. अट एवढीच की परीक्षा पास व्हायला हवी. परीक्षक तिकडून कॉम्प्युटरवर बघणार, ती इकडे खऱ्या माणसाचे केस कापणार आणि कापता कापता त्याच्याशी इंग्रजीत बोलणार. पास झाली तर तिघंही जाणार. नापास झाली तर ती नोकरी दुसऱ्या कुणाला.

"पण हे लपवलंत कशाला?"

"विझा हातात येईपर्यंत बोलायचं नाही, काकू. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमच्या गावात दर दोन घरांआड कोणी ना कोणी परदेशी निघालेलं असतं आणि विझा येईपर्यंत सख्ख्या भावालाही कळत नाही. दृष्ट लागते म्हणे. मी अशा गोष्टींना हसते. पण मुलांनो, तुमच्या बाबांच्या वेळी मीही कोकिळाबेनना सांगितलं होतं की तो दिल्लीला मुलाखतीला गेलाय.

"बरं, पण डोकं तुमचंच का? बायकांचं घ्यायचं."

अलकाने ब्रश खाली ठेवला. ती पहिल्यांदाच बोलली. "विचारलं होतं ना काकू. उन्हाळ्यात. इमारतीतल्या सगळ्या घरी जाऊन आले. कोणी दिलं नाही."

ती माझं नाव घेत नव्हती, पण मला आठवलं. वैशाखात ती माझ्या दाराशी आली होती, "काकू, तुमचे केस जरा सेट करून बघू का?" आणि मी म्हटलं होतं, "अगं, माझं डोकं काही प्रयोगशाळा नाही." वर शाळेतल्यासारखं हसलेही होते.

"ती घरी येऊन रडली," रेडकर म्हणाले. "म्हणाली, नापास झाले तर सगळे हसतील. मी म्हटलं, हसायचंच आहे ना लोकांना? मग माझ्या डोक्याला हसू दे. तुझ्याकडे कोणाचं लक्षच जाणार नाही." आणि त्यांनी चादर सारखी केली. "अलका, पस्तीस मिनिटं झाली. धुवायचं."

इतके महिने मी ज्या माणसाला शिस्त शिकवायला निघाले होते, तो इतका शिस्तीत वेडा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज चार वाजता वर जाऊ लागले. केस द्यायची वेळ टळली होती, इंग्रजी तरी देता येईल म्हटलं. अलकाला गिऱ्हाइकाशी बोलायचा सराव हवा होता, आणि गिऱ्हाईक अर्थातच रेडकर. मी त्यांना एक काल्पनिक बाई करून दिली, मिसेस ब्राउन. मिसेस ब्राउनना दोन कुत्री, एक मुलगा नौदलात आणि हवामानाबद्दल सतत तक्रार. रेडकरांनी ती बाई इतकी मनावर घेतली की विचारू नका. खुर्चीत बसताना ते गुडघे जुळवून बसायचे. "ओह डियर, सो विंडी टुडे! ओन्ली अ ट्रिम, प्लीज." एकदा मी म्हटलं, "विनायकराव, आवाज बारीक करायची गरज नाही." तर म्हणाले, "काकू, सराव म्हणजे सराव."

परीक्षेला डोकं त्यांचंच द्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी मोरपंखी रंग उतरू दिला आणि केस वाढवले. जानेवारीत मानेवर आले, तेव्हा कोकिळाबेन म्हणाल्या, "हवे साधु थवाना." आता साधू होणार.

परीक्षेच्या दिवशी मला संस्थेत आत जाऊ दिलं, पण पडद्याच्या मागे बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. कॉम्प्युटरवर एक लालबुंद चेहऱ्याचे परीक्षक आले. अलकाचे हात थरथरत होते, मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. तिचं दडपण कमी व्हावं म्हणून परीक्षक साहेबांनी आधी खुर्चीतल्या माणसाला विचारलं, "अँड व्हॉट्स युअर नेम, सर?"

आमचे रेडकर ताठ बसले, गुडघे जुळवले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मिसेस ब्राउन."

परीक्षकांनी चष्मा काढला. रेडकरांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचे कान तांबडे झाले. आता गेलं सगळं, मी मनात म्हटलं. वर्षभराची मेहनत एका शब्दात गेली, आणि तो शब्द मीच शिकवलेला!

तेवढ्यात अलकाने कात्री उचलली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिसेस ब्राउन. हाऊ आर द डॉग्ज?"

परीक्षक इतके हसले की कॉम्प्युटरवरून क्षणभर दिसेनासे झाले. त्यानंतर अलकाचे हात एकदाही थरथरले नाहीत. ती पास झाली. काही महिन्यांनी विझाही आला, आणि तेव्हा कुठे इमारतीला खरं कळलं. कोकिळाबेन दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केस मोकळे सोडून अलकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, "मने पण करी आप ने, बेटा." मलाही करून दे ना.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रेडकर माझ्याकडे आले. इमारतीच्या किल्ल्या आणि फायली टेबलावर ठेवल्या. चहा झाला तरी उठेनात.

"काकू, एक वाक्य हवं होतं. इंग्रजीत."

"बोला."

"तिकडे पहिल्या भेटीत विचारतात म्हणे, तुम्ही काय करता. अलका सांगेल, हेअरड्रेसर. केतकी सांगेल, शिकते. मी काय सांगू?"

"रेल्वेत होतो म्हणा."

"होतो म्हणजे आता नाही." ते कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "फॉर्मवर माझ्या नावापुढे डिपेंडंट लिहिलंय. एकोणतीस वर्षं नोकरी केली हो मी. एमां शुं म्हणा..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांचा चेहरा इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. इतके महिने घरात त्यांना कोणी विचारलं असेल का, की तुम्हाला जायचंय का? मीही विचारलं नव्हतं.

आणि ईशान, तन्वी, छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या तुमच्या आजीला एक वाक्य सुचेना.

माझी पंचाईत त्यांच्याच लक्षात आली. "जाऊ द्या. मी एक तयार केलंय. 'आय वॉज हर फर्स्ट कस्टमर.' व्याकरणात बसतं का?"

"बसतं," मी म्हटलं.

"मग लिहून द्या. ऐन वेळी विसरायला नको."

मी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, पासपोर्टला लागून.

मंगळवारी सकाळी टॅक्सी अहमदाबादच्या विमानतळाकडे गेली. गॅस बंद केलाय ना बघा, असं अलका सांगून गेली होती, म्हणून मी वर गेले. दारापाशी थबकले. 'वि. ग. रेडकर' ही जुनी पितळी पाटी काढलेली होती. तिच्या जागी नवीन लाकडी पाटी, नवे स्क्रू, त्यांच्याच वळणदार अक्षरात:

सौ. अलका रेडकर
क्वालिफाइड हेअरड्रेसर

आणि खाली, बारीक अक्षरात, वि. ग. रेडकर.

ज्या घरात आता रेडकरांपैकी कोणीच राहणार नाही, त्याच्या दारावर निघता निघता लावलेली. वर्षभर जे लपवावं लागलं, ते त्यांना एकदा तरी उघड लिहायचं असणार.

पुढच्या महिन्यात तिथे भाडेकरू येतील. त्यांना त्यांची पाटी शेजारच्या भिंतीवर लावायला मी सांगणार आहे. घर रिकामं आहे. दारावर पाटी आहे.

तुमची,
आजी