कमरेतून मारायची लाथ

जगदीशचा उजवा पाय हवेत होता आणि मन शिवडीच्या खाडीवर. ओहोटीच्या चिखलात शेकडो रोहित पक्षी एका पायावर उभे होते, कुठे जायची घाई नाही, कुणाला काही सांगायचं नाही. त्यांच्या घोळक्यात जगदीशही उभा होता आणि आपण गुलाबी आहोत याचं त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

"जगदीशकाका! पाय परत!"

पक्षी भुर्रकन उडाले. जगदीश लालबागच्या हॉलमध्ये, किकबॉक्सिंगच्या क्लासमध्ये, आरशासमोर एका पायावर लटपटत होता. शिकवणारा हेरंब बावीस वर्षांचा, शिडशिडीत पोरगा. 'काका' हा शब्द अडतीस वर्षांच्या जगदीशला दर खेपेला नव्याने लागायचा.

"काका, किक पायाने नाय मारायची, कमरेने मारायची. आधी गुडघा वर. मग खालच्या पायाची टाच फिरवायची. मग कंबर. आणि मारून झाली की पाय लगेच घरी आणायचा. तुम्ही तिथंच ठेवून देता."

"जरा बरं वाटतं तिथं," जगदीश म्हणाला. हे खरंच होतं. गोदीतल्या गोदामात तो कारकून होता. खिडकीतून खाडी दिसायची आणि मग रजिस्टर दिसायचं नाही. डॉक्टरांनी पोट कमी करा म्हटलं, म्हणून कांताने, त्याच्या बायकोने, या क्लासमध्ये नाव घातलं. पण पाय उचलला की जगदीशला एकदम हलकं वाटे. जमिनीवरचं सगळं, साहेब, चाळ, घरातली शांतता, खाली राहून जाई. असा वर गेलेला पाय परत आणायचा तरी कशाला?

"घरी रोज पन्नास मारा," हेरंब म्हणाला.

घरी पहिल्या दिवशी सात मारून झाल्या, आठवीला मांडणीवरचा गोडेतेलाचा डबा आडवा झाला. कांता तेल पुसता पुसता म्हणाली, "उद्यापासून बाहेर. पॅसेजमध्ये काय त्या लाथा झाडायच्या त्या झाडा."

पॅसेज सहा फुटी. अलीकडे यांचं दार, पलीकडे अप्पांचं. जगदीशचे वडील शामराव आणि अप्पा एका गावचे, एका गिरणीतले, शेजारशेजारच्या मागांवरचे आणि गिरणीच्या कबड्डी संघातलेही. ब्याऐंशीचा संप झाला. दहाव्या महिन्यात अप्पा गुपचूप कामावर गेले. शामराव गेले नाहीत, आणि पुढे त्यांची गिरणी त्यांना परत मिळालीच नाही. त्या दिवसापासून सहा फुटांवरच्या या दोन दारांत चोवीस वर्षं शब्द गेला नव्हता. एक दार उघडलं की दुसरं लागायचं. जगदीश लहानपणी अप्पांच्या मांडीवर जेवलेला, पण जिन्यात भेटले की तोही भिंतीकडे बघायचा. अप्पाही भिंतच बघायचे, दुसऱ्या बाजूची.

तो रविवार होता. दुपारचे चार. सगळी चाळ मासे जेवून निजली होती. पॅसेजच्या टोकाच्या जाळीतून पिवळं ऊन आत आलं होतं आणि त्यात धुळीचे कण असे संथ तरंगत होते की त्यांच्याकडे बघताना जगदीशची एकतिसावी की बत्तिसावी हे राहूनच गेलं. त्याने गुडघा उचलला. या वेळी टाचही आपसूक फिरली. कंबर वळली. आयुष्यात पहिल्यांदा लाथ कमरेतून निघाली, आणि एवढी सुंदर निघाली की पॅसेजच्या रुंदीचं भान तिला उरलं नाही.

धाड!

अप्पांचं दार उघडलं. दारामागच्या पिंपावरचं झाकण गडगडत बाहेर जिन्याकडे गेलं. खाटेवर बसून बशीतून चहा पिणाऱ्या अप्पांनी सगळा चहा बनियनवर घेतला. आणि जगदीशचा पाय, सवयीप्रमाणे, तिथंच राहिला. आता तर तो खाली येईचना, कारण पोटरीत गोळा आला होता. शामरावांच्या घरातलं पाऊल चोवीस वर्षांनी अप्पांच्या उंबऱ्याच्या आत आलं ते असं.

अप्पा पायाकडे बघत राहिले. मग पाय धरून वर वर नजर नेत जगदीशच्या तोंडापर्यंत आले.

"शाम्याने पाठवला तुला?"

"नाय हो अप्पा! चुकून लागली."

"चुकून? कडी तुटली!"

"खरंच चुकून. इतकी जोरात बसेल असं वाटलं नव्हतं. रोज मारतो, पण कधी अशी बसली नव्हती."

"रोज मारतोस?" अप्पा उठून उभे राहिले. "जाई, ऐकलंस? रोज मारतो म्हणे!"

जाईबाई मोरीतून हात पुसत आल्या. "अगो बाय! जग्या, पाय तरी खाली घे रे."

"येत नाय काकी. गोळा आलाय."

तोवर दारं उघडली होती. वरच्या मजल्यावर बातमी गेली ती 'शामरावच्या पोराने अप्पांचं दार तोडलं' अशी. तळमजल्यावर पोचेपर्यंत अप्पांचे पुढचे दोन दात पडले होते. पहिल्या मजल्यावरचे नाना, चाळ कमिटीचे अध्यक्ष, लेंग्याची नाडी आवळत वर आले. कांताने नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी धरून, तेलाचा डबा उचलावा तसा अलगद खाली ठेवला.

"अहो, तो व्यायाम आहे," ती सगळ्यांना सांगू लागली. "क्लास लावलाय त्यांनी. फॉरेनचा व्यायाम आहे."

"दुसऱ्याच्या दारावर?" नानांनी विचारलं.

एवढ्यात जगदीशच्या घरातून शामराव बाहेर आले. झोपेतून उठल्यामुळे केस उभे. त्यांनी मोडलेली कडी बघितली, मुलाकडे बघितलं, अप्पांकडे मात्र बघितलं नाही.

"नाना, त्याला सांगा. लाथ घालायची असती तर ब्याऐंशी सालीच घातली असती. पोरगा नसता पाठवला."

"नाना, त्यालापण सांगा," अप्पा म्हणाले, "की तोंड आहे माणसाला. बोलायचं तर तोंडाने बोलावं."

दोघांमध्ये चार फुटांचं अंतर होतं. नाना एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते.

"थांबा हो! ऐकू येतंय दोघांनापण. जगदीश, तू काय करत होतास ते करून दाखव. म्हणजे व्यायाम की मारामारी ते कमिटी ठरवेल."

कमिटी म्हणजे नाना एकटेच होते. गर्दीत जगदीशला जागा मोकळी करून देण्यात आली. पन्नासेक डोळे त्याच्या पायावर खिळले. "आधी गुडघा, मग टाच," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने गुडघा उचलायच्या आधीच पाय फेकला, टाच जागची हलली नाही, आणि तो भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला.

"शी!" अप्पांच्या तोंडून निघून गेलं. "नाना, त्याला म्हणावं उभ्या पायावर भार घे. पाय टाकायच्या आधी समोरच्याचा डोळा बघ."

जगदीशने पुन्हा मारली. आणखी वाईट.

"तसा न्हय रे!" अप्पा उंबऱ्याबाहेर आले, लुंगी वर खोचली. "असो, असो वळ. मी चढाईक गेलंय की अशीच लाथ मारी."

"तू?" शामराव म्हणाले. नाना मध्ये होते, पण शामरावांना ते दिसत नव्हते. "अरे मेल्या, चढाई माझी होती! तू कोपऱ्यात उभो रवस. पयलो गुडघो वर येवक व्हयो, तुका काय कळता?"

जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. चोवीस वर्षांत शामराव अप्पांशी बोलले ते हे, आणि आपण बोललो हे त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

अप्पांच्या मात्र आलं. लुंगी त्यांच्या हातातून सुटली.

"शाम्या," ते हळू म्हणाले, "संपात पोरगी तापान फणफणलेली. म्हणान गेलंय कामार."

शामरावांनी त्या मोडक्या कडीवरून हात फिरवला.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगूक इलंय. दोनदा इलंय. तुझा दार बंद होता."

"मगे दाराक लाथ घालूची होतीस मेल्या!" शामराव ओरडले.

जगदीशला वाटलं, पॅसेजमधलं ऊन, धूळ, माणसं, सगळंच जमिनीपासून वीतभर वर तरंगतंय, आणि या वेळी त्याचे दोन्ही पाय फरशीवर होते. मग जाईबाई म्हणाल्या, "चाय सांडली ती सांडली. दुसरी ठेवतंय. भावजी, आत या." शामरावांनी उंबऱ्याशी जरा अडखळल्यासारखं केलं आणि ते आत गेले. पाठोपाठ अप्पा गेले. आतून लगेच भांडणाचा आवाज सुरू झाला. कुठल्यातरी सामन्यात शेवटचा गडी कुणी बाद केला यावरून.

माणसं पांगली. कांता पिंपाचं झाकण शोधायला जिन्याकडे गेली. जगदीश पोटरी चोळत भिंतीला टेकला होता. नाना अजून तिथंच होते.

"कडीचं काय करायचं नाना? मी उद्या सुतार आणतो."

"हं? आण, आण." नानांनी पॅसेजमध्ये दोन्हीकडे बघून घेतलं. "तो क्लास कुठे असतो म्हणालास?"

"इथंच, लालबागला. का हो?"

"काही नाही. असंच." नाना खालच्या मजल्याकडे बघत राहिले. "माझ्या समोर विठोबा राहतो. माझा धाकटा भाऊ. पॅसेजमधल्या बल्बवरून झालं आमचं. अकरा वर्षं झाली."

जगदीश पोटरी चोळायचा थांबला.

नानांनी एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने लेंगा सावरला.

"काय म्हणालास," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आधी टाच की आधी गुडघा?"