टोंगाचे देवस्थळी

शनिवार, १४ जून १९८६. सकाळी सव्वादहा वाजता अमेरिकेत, न्यू जर्सीतील पार्सिपनी येथील माझ्या मुलाच्या घराची घंटा वाजली. दारात देवस्थळी उभे होते. पांढरा सदरा, काळी विजार, आणि विजारीवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली एक चटई. ती काथ्याच्या दोरीने आवळलेली होती.

"काका, चटई कशाला?" माझी सून शैला म्हणाली. "यू हॅव पँट्स ऑन."

"पँटवरच नेसायची असते. आमच्या टोंगात मोठ्यांसमोर चटईशिवाय जाणं म्हणजे उघडं जाणं."

"इथे मोठं कोण आहे?"

"तुझी मुलगी. आज तिचं बारसं आहे ना?"

देवस्थळी मूळचे कोल्हापूरचे. वय पंचावन्न, अविवाहित, पाणीपुरवठ्याचे अभियंते. तारुण्यात तीन वर्षे ते टोंगा नावाच्या देशात पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या बांधत होते. टोंगा हे प्रशांत महासागरातील एक राज्य आहे. तेथे अद्याप राजा आहे. बेटे पावणेदोनशेच्या आसपास. वस्ती त्यांतील थोड्यांवर. ही माहिती मी मागितलेली नव्हती. आमच्या मराठी मित्रमंडळीत इतर लोक 'आमच्या पुण्यात' असे म्हणत, देवस्थळी 'आमच्या टोंगात' असे म्हणत. पुणेकरांना गप्प बसवणारा मी पाहिलेला हा एकमेव गृहस्थ.

टोंगात जमीन विकता येत नाही. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला शेताचा तुकडा मागण्याचा हक्क मिळतो. हे त्यांनी घर विकू पाहणाऱ्या एका दलालास चाळीस मिनिटे समजावून सांगितले. दलाल पुन्हा आला नाही. देवस्थळी आमच्यापासून दोन घरे सोडून भाड्याने राहत.

एकदा त्यांनी परसात खड्डा खणला, त्यात तापवलेले दगड रचले, अळूच्या पानांत नारळाचे दूध बांधून त्यावर ठेवले आणि सर्व मातीने बुजवले. धूर पाहून शेजाऱ्यांनी अग्निशमन दल बोलावले. दल आले. जेवून गेले.

टोंगात रविवारी काम करण्यास कायद्याने बंदी आहे. शेत नाही, दुकान नाही, मासेमारी नाही. देवस्थळी हा नियम न्यू जर्सीत शनिवारी पाळत. कारण त्यांनी मला घड्याळ दाखवून पटवले होते: येथे शनिवारची सकाळ होते तेव्हा टोंगात रविवार सुरू झालेला असतो. त्यामुळे शनिवारी ते पत्रही उघडत नसत, आणि रविवारी सगळी गल्ली झोपलेली असताना गवत कापण्याचे यंत्र सुरू करत.

असा हा मनुष्य. आता त्या दिवशीचा प्रश्न सांगतो.

माझी मुलगी सुमती नागपूरला असते. माझा मुलगा अजित याची थोरली बहीण, म्हणजे बाळाची सख्खी आत्या. आठ वर्षांपूर्वी तिने माझ्या मनाविरुद्ध लग्न केले. तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो मी शैलाच्या एका मैत्रिणीस देण्याचे ठरवले होते. नावही ठरले होते: नीना. अमेरिकन लोकांना उच्चारता यावे म्हणून.

देवस्थळींनी हे ऐकले आणि ते पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

"बाळाला आत्या नाही का?"

"आहे," अजित म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून थांबला.

"मग उसनी कशाला? टोंगात बापाच्या बहिणीला मेहेकिटांगा म्हणतात. भावाच्या घरात तिच्यावर कोणी नाही. भाऊ राजाचा प्रधान असो, ती आली की तो खाली बसतो. पोराचं नाव ती ठेवते. बाकीच्यांनी ऐकायचं."

"आपण टोंगात नाही, पार्सिपनीत आहोत," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे, अप्पासाहेब. टोंगात असता तर आठ वर्षं निभली नसती. शेजाऱ्यांनी जेवू दिलं नसतं."

खोलीत सहा स्त्रिया होत्या. सर्व जणी पाळण्याला लावलेल्या फुलांकडे पाहू लागल्या. मी उठून आत जाणार होतो. पण अजितने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि देवस्थळींच्या हाती दिली. नागपूरचा क्रमांक. म्हणजे मुलगा तिच्याशी बोलत होता, आणि मला ठाऊक नव्हते.

देवस्थळी फोनपाशी गेले.

"काका, आज तुमचा संडे आहे," शैला म्हणाली. "फोन करणं चालतं?"

"नाही चालत."

ते क्रमांक फिरवत राहिले. अकराव्या खेपेस फोन लागला. नागपुरात रात्रीचे आठ वाजून गेले होते. देवस्थळींनी आपला परिचय दिला, "एक मिनिट हं, बाई," असे म्हणाले, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"मागा."

"काय मागू?"

"नाव. आमच्या टोंगात घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषानं ते तिच्याकडे मागायचं असतं. त्याशिवाय ती देत नाही."

मी रिसीव्हर घेतला. पलीकडे तिच्या श्वासाचा आवाज होता. ती आधी बोलेल असे मला वाटले. ती बोलली नाही. तो स्वभाव तिने माझ्याकडून घेतला आहे.

"सुमती," मी म्हणालो. "अजितच्या मुलीला नाव हवे आहे."

"कोणाला हवंय, अप्पा? दादाला?" लहानपणी सगळे घर अजितला दादा म्हणत असे, तीही.

"मला."

 मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रेवा," ती म्हणाली. मग रडू लागली असावी. मी रिसीव्हर अजितकडे दिला.

त्याने वायर ताणून तो पाळण्यापर्यंत नेला आणि बाळाच्या कानाला लावला. नागपूरहून 'कुर्र' ऐकू आले. शैलाने नाव दोनदा म्हणून पाहिले. "रेवा. इट्स लव्हली. ऑफिसात पण सगळ्यांना जमेल." नीनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक अडचण उरली. नाव सांगताच आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि पाठ नागपुरात होती. देवस्थळी वळले, चटई सावरून ओणवे झाले. "घाला. तिच्या वतीनं." सहा स्त्रियांनी घातले. शैलाच्या मैत्रिणीने, मान हुकल्यामुळे असेल, दोन जास्त घातले.

जेवणानंतर मी त्यांना घरापर्यंत पोचवण्यास गेलो. एरवी मी जात नाही. वाटेत विचारले, "मोठ्या पुरुषाने नाव मागायचे, ही चाल टोंगात खरोखर आहे?"

"नाही," ते म्हणाले. "तेवढी माझी."

 त्यांच्या पायरीवर आम्ही बसलो. मग त्यांनी न विचारता सांगितले. टोंगात लेसिएली नावाच्या विधवेने त्यांना भाऊ मानले होते. निघताना तिने बजावले होते की, तुझ्या मुलांची नावे मी ठेवणार. दोन ठेवलीही: एक मुलाचे, एक मुलीचे. अजून दर वर्षी तिचे पत्र येते आणि त्यात एकच विचारणा असते, दोहोंपैकी कोणते नाव लागले?

"तुम्ही काय लिहिता?"

"लिहितो, घाई करू नकोस." ते हसले. "पंचावन्नाव्या वर्षी."

"नावे कोणती?"

"ती सांगायची नसतात, अप्पासाहेब. ती तिची आहेत."

आभार मानण्याची मला सवय नाही. त्या पायरीवरही मानले नाहीत. फक्त पुढच्या शनिवारी जेवायला यावे, असे म्हणालो, आणि स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवू, असेही. त्यांनी मान हलवली.

साडेपाचला घरी परतलो. स्वयंपाकघरात फोनशेजारी भिंतीवर क्रमांकांची यादी लावलेली आहे. पेन घेतले. डॉक्टर आणि प्लंबर यांच्या वर जागा होती. तेथे नागपूरचा क्रमांक लिहिला, आकडे चिठ्ठीशी एकदा ताडून पाहिले, आणि पेनास टोपण लावले.