उरलेल्या भिंतीला टेकू

सरकारी गोदाम पाडलं, तेव्हा त्याची एक भिंत पाडायची राहून गेली. ती शिवणवाल्या काकूंच्या छपरावर झुकली होती. छपराखाली काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. खोली एकच, खाट हलवायची कुठे? म्हणून दोन वाशांचा टेकू मागायला काकू कार्यालयात गेल्या.

खालच्या मजल्यावरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, जड वस्तू खाली येते, हा देवाने घालून दिलेला सर्वसाधारण नियम. तो एका सासूसाठी शिथिल केला, तर उद्या प्रत्येक सासू सवलत मागेल."

"नियम राहू द्या साहेब, मला वासे द्या."

"नियम लागू असताना वस्तू पडू न देणे, याला आम्ही चमत्कार म्हणतो. चमत्कार वरच्या मजल्यावर."

वरचे साहेब अधिक भाविक. त्यांनी नियमच उडवून लावला. "विटा जोडणारा चुना कसला नि नियम कसला? एकेक वीट क्षणोक्षणी देव स्वतः धरून ठेवतो. टेकू लावणं म्हणजे त्याच्या मनगटावर संशय घेणं."

"मग तुमच्या टेबलाच्या पायाखाली ही पुठ्ठ्याची घडी कशाला?"

"टेबल डुगडुगतं हो. एवढ्याशा कामासाठी त्याला कशाला शिणवायचं?"

काकू घरी आल्या. त्यांचा सुतार भाऊ वासे घेऊन आला आणि पाचरी ठोकठोकून त्याने भिंत सरळ केली. जरा जास्तच सरळ केली.

भिंतीपलीकडे उघड्यावर सायकली दुरुस्त करणारा शेजारी ओरडला, "वहिनी, माझ्या अंगावर ढकलताय काय?"

"छे हो भाऊजी, तुमच्या बाजूने ती भक्कम आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत त्याच बाजूला पडली. सायकलवाल्याचा पाय विटांखाली सापडून मोडला.

दोन्ही साहेब जातीने पाहणीला आले. सासूबाई सुखरूप पाहून वरच्या साहेबांनी हात जोडले. "ही खास ईश्वरी कृपा." खालच्या साहेबांनी प्रथमच वरच्या मजल्याला मान डोलावली. काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. "देवाने माझं ऐकलं."

"आणि माझा पाय?" सायकलवाल्याने विव्हळत विचारलं.

"तो सर्वसाधारण नियमात गेला," दोघे साहेब म्हणाले. काकू सासूबाईंची उशी सारखी करायला आत गेल्या.

सासूबाई वाचल्या हे वाचून तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. पाय डावा मोडला की उजवा, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.