फळ्यांच्या चौथऱ्यास बंबवाल्यांचा आश्रय जाहला ते वर्तमान

प्रथम नमन अग्नीस, ज्याच्यावाचून थंडीत देवही अवघडतात. दुसरे नमन चेंडूस, जो आदळतो आणि परत येतो. तिसरे नमन देणाऱ्या हातास. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष-पौष मासी, घाटमाथ्यावरील एका थंड राज्यात फळ्यांच्या चौथऱ्यावर जे घडले, ते जाणत्यांनी पुसले म्हणून जैसे ठाऊक तैसे लिहिले आहे.

त्या राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. हिवाळा आला की तेथे गवतावर दहिवर गोठे आणि मैदानावरचे सर्व खेळ निजत, एकटा फळ्यांच्या चौथऱ्याचा टेनिस तेवढा जागा राही. या खेळाची रीत ऐसी की जमिनीपासून कंबरभर उंच लाकडी चौथरा करावा, त्याच्या चहूंकडे दोन पुरुष उंच तारेची जाळी ताणून बांधावी, आणि आत चौघांनी भोकांच्या लाकडी थाप्या घेऊन स्पंजाचा चेंडू टोलवावा. आणि खेळाचे मर्म ते जाळीत. चेंडू फळीवर एक टप्पा खाऊन जाळीवर आदळला तरी मेला नाही. जाळीने उलट फेकिला तो दुसरा टप्पा पडण्याआधी टोलवावा, आणि खेळ पुढे चालवावा. म्हणून इतर खेळांत जो हरला म्हणावा, तो येथे पाठ फिरवून, जाळीकडे तोंड करून, पुन्हा जिंकावयास उभा राही. गावचे लोक त्या चौथऱ्यास खुराडे म्हणत आणि खेळणारांस कोंबड्या म्हणत, आणि खेळणारे ते ऐकून हसत.

या खुराड्याच्या कारभारीण म्हाळसाबाई काकडे. वय साठीच्या उंबरठ्यावर, गुडघ्यास पट्टा, परंतु जाळीवरून आलेला चेंडू त्यांच्या हातून सुटला ऐसे क्वचित घडे. त्यांच्या जोडीदारीण भिमाक्का जाधव, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या मऊ. ऐसे असता त्या साली चौथऱ्याच्या फळ्या कुजल्या, एका खेळीत भिमाक्कांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला, आणि नगराच्या मुख्य कारभाऱ्यांची मर्जी फिरली. त्यांणी सांगून पाठविले की, जागा मोक्याची, खेळणारे मूठभर, चौथरा मोडून तेथे मोटारी उभ्या करावयाचा विचार आहे. तथापि पौषात तुम्ही सामने भरविता त्या दिवशी खासे येऊन पाहू, परमुलुखीचे खेळाडू येऊन खेळले तर चौथरा राहील, न खेळले तर राहणार नाही. ते ऐकून म्हाळसाबाईंनी तीन दिवस अन्न नीट घेतले नाही. बोलल्या कोणास नाही, परंतु भिमाक्कांनी जाणिले.

मग आश्रयाचा शोध सुरू जाहला. एकाने म्हटले हा खेळ कधी ऐकिला नाही, दुसऱ्याने म्हटले क्रिकेट असते तर विचार केला असता. शेवटी म्हाळसाबाई रघुशेट तांबट बंबवाले यांच्या कारखान्यात गेल्या. शेटांचे आजे तांब्याचे बंब ठोकीत, शेट विजेचे बंब करीत, आणि राज्यात घरोघर त्यांच्याच बंबाचे पाणी तापे. शेटांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले, आणि एवढेच पुसले की थंडीत फळीवर दहिवर पडते त्याचे काय करता. बाई म्हणाल्या की खराट्याने झाडतो आणि घसरतो. मग शेट हसले आणि उठले, आणि पंधरवड्यात नव्या सागवानी फळ्या आल्या, चौथऱ्याच्या पोटात मोठाले विजेचे बंब बसले, नळ्या फिरल्या, आणि पहाटेच्या हिवात फळ्यांवरून वाफ उठू लागली. लोक तमाशा पाहावयास आले आणि हात शेकू लागले. जे खुराडे म्हणत तेच पोरीबाळींस घेऊन थापी धरावयास शिकू लागले. शेटांनी मोबदला इतकाच मागितला की दाराशी एक लहान फलक असावा.

येथे चूक जाहली, आणि ती त्या राज्यातील माणसांवाचून दुसऱ्या कोणाकडून जाहली नसती. कारण त्या मुलुखी रीत ऐसी की देणाऱ्यास शेला पांघरल्याविना सोडू नये, आणि जितके देणे थोर तितका शेला लांब. म्हाळसाबाईंचे मन उपकाराने इतके भरले की एक लहान फलक त्यांस लाजिरवाणा वाटला. त्यांणी मसलत केली की शेटांस शेला तर द्यावाच, परंतु चौथऱ्यासही शेटांच्या नावाचा शेला पांघरावा. मग जाड तांबडे कापड आणविले, त्यावर हात हात उंच अक्षरांत बंबवाल्यांचे नाव रंगविले, आणि सामन्यांच्या दिवशी सकाळी सर्वांनी हौसेने ते चहूंकडच्या जाळीवर ताणून बांधिले. भिमाक्कांनी गाठी मारिल्या. दुरून पाहता चौथरा नवरीसारखा दिसू लागला, आणि म्हाळसाबाईंचे डोळे भरले.

मग घाटाखालच्या राज्याचे खेळाडू आले. त्यांचे म्होरके उमाजी धुमाळ, हाडापेराने दांडगे, मिशीस पीळ. त्यांणी चौथऱ्याभोवती एक फेरी मारिली आणि म्हणाले, "बाई, खुराडे होते ते बरे होते. हा तर मांडव घातलात. लग्न कोणाचे?" भिमाक्का म्हणाल्या, "तुमचेच लावितो, मुलगी कोणी देत असेल तर." तेव्हा सर्व हसले. मग सरावास म्हणून उमाजींनी चेंडू जोराने मारिला, तो टप्पा खाऊन कापडावर आदळला, आणि ओल्या भिंतीवर चिखलाचा गोळा पडावा तैसा तेथेच खाली पडला. पुन्हा मारिला, पुन्हा पडला. चहूं बाजूंस मारून पाहिले, चहूं बाजूंस मेला. म्हाळसाबाई पाहत राहिल्या. जाळीचा प्रत्येक धक्का त्यांच्या मनगटास ठाऊक होता, आणि त्याच हातांनी त्यांणी जाळी मुकी केली होती.

उमाजींनी थापी खाली ठेविली. ते आता हसत नव्हते. म्हणाले की आम्ही घाट चढून आलो तो चौथऱ्याचा खेळ खेळावयास. हा तो खेळ नव्हे, आणि यात हरलो तरी लाज, जिंकलो तरी लाज. एवढे बोलून त्यांची मंडळी चौथऱ्याशेजारच्या शेकोटीघरात जाऊन बसली. तोच नगराचे कारभारी मोटारीतून उतरले, आणि रघुशेटही बाहेर खुर्चीवर केव्हाचे बसले होते, अंगावर नवा शेला.

मग चौथऱ्याच्या मंडळीत कुजबूज जाहली. एक म्हणाला, कापड उतरवावे. दुसरा म्हणाला, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याचे नाव उतरविणे म्हणजे त्याच्या अंगावरचा शेला ओढणे; शेट रागावले तर बंब उचलून नेतील, मग दहिवरात कोण खेळेल. तिसरा म्हणाला, आजचा दिवस खोटे खोटे खेळावे, कारभाऱ्यांस काय कळते. भिमाक्कांनी म्हाळसाबाईंकडे पाहिले आणि हळूच म्हटले, "म्हाळसे, गाठी मी मारल्या, सोडायलाही मीच येईन. पण आधी तू बोल."

मग म्हाळसाबाई शेटांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मनात बहुत वाक्ये रचिली होती, त्यांतील एकही आठवले नाही. म्हणाल्या, "शेट, तुम्ही मागितला होता एक फलक. तुमचा मान करण्याच्या भरात मी जाळी झाकली, आणि जाळी झाकली तर आमचा खेळ उरत नाही. दोष माझा आहे. कापड उतरवू द्या."

 शेटांनी शेला सावरिला आणि म्हणाले, "बाई, मी तासभर येथे बसून माझे नाव वाचतो आहे. ते मला पाठ होते. मी खेळ पाहायला आलो होतो."

आणि उठून त्यांणी स्वहस्ते पहिली गाठ सोडावयास घेतली. गाठ सुटेना, कारण भिमाक्कांची होती. मग भिमाक्का धावल्या, उमाजींची मंडळी शेकोटीघरातून आली, कारभाऱ्यांच्या शिपायाने शिडी धरिली, आणि पाहता पाहता जाळी उघडी जाहली. शेट म्हणाले की कापड चांगले आहे, टाकू नये. चौथऱ्याच्या खाली भोवताल बांधा, म्हणजे बंबांची ऊब वाऱ्याने उडून जाणार नाही. तैसेच केले, वारा खेळावयास एक बाजू मोकळी ठेविली. नाव चौथऱ्याच्या पायाशी आले, आणि फळ्या पहिल्यापेक्षा अधिक तापल्या.

मग सामना सुरू जाहला. म्हाळसाबाई आणि भिमाक्का एकीकडे, उमाजी आणि त्यांची बहीण दुसरीकडे. पहिला डाव यांणी घेतला, दुसरा त्यांणी घेतला, तिसऱ्यात एक चेंडू ऐसा चालला की जाळीवरून उलटावा, कोपऱ्यात शिरावा, दोन जाळ्या खाऊन पुन्हा जिवंत बाहेर यावा. लोक श्वास घ्यावयाचे विसरले, आणि कारभाऱ्यांनी हातातला चहा तैसाच थंड होऊ दिला. शेवटी उमाजींचा चेंडू जाळीवरून मुरडला, म्हाळसाबाई पाठमोऱ्या धावल्या, थापी लागली, चेंडू उमाजींकडच्या रेषेबाहेर बोटभर पडला. या खेळात पंच नसतो, ज्याच्या बाजूस चेंडू पडे त्याने निवाडा करावा. उमाजी घुटमळले, म्हणाले की मला नीट दिसले नाही, पुन्हा खेळू. म्हाळसाबाई म्हणाल्या, "मला दिसला. बाहेर होता." आणि हरल्या, आणि इतक्या आनंदाने हरल्या की कारभाऱ्यांस वाटले त्याच जिंकल्या. त्यांणी पुसले की पुढचा सामना कधी, आणि मोटारींची गोष्ट त्या दिवसापासून कोणी काढिली नाही.

मग शेकोटीघरात दोन्ही राज्यांच्या मंडळीने एका पंक्तीस कुळथाचे कढण घेतले. शेटांनी थापी हातात धरून पाहिली, उलटी धरिली. भिमाक्कांनी सरळ करून दिली.

पुढे बंबवाल्यांचे पाहून घोंगडीवाले आले, चहावाले आले, आणि त्या डोंगरांत चौथऱ्यामागे चौथरे उभे राहिले. प्रत्येक आश्रयदात्याचे नाव चौथऱ्याच्या पायाशी बांधावे, जाळी मोकळी ठेवावी, हा कायदा जाहला, आणि आजवर कोणी मोडिला नाही. ज्यांणी फळ्या दिल्या, ऊब दिली, आणि आपल्याच नावाची गाठ आपल्या हाताने सोडावयास घेतली, त्यांचे या राज्यावर ऋण आहे. ते फिटावे ऐसी कोणाची इच्छा नाही. लेखनसीमा.